पत्र्याखालचा माळा: इन्सुलेशन घालूनही खोली तापते, थंडीत टपकते, तेव्हा काय तपासायचं

ग्वाल्हेरात जुन्या घरांची छतं दगडी पटियांची (लांब फरशांची). त्यांवर आणखी वजन नको म्हणून वाढीव खोली बहुतेक पत्र्याचीच होते: विटांच्या भिंती, लोखंडी पर्लिन (पत्रा ज्यांवर टेकतो ते आडवे गज), वर उतरता पत्रा (बाजारात ‘चादर’ मागावी लागते), खाली जिप्समचं किंवा पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि मधे दोन-चार फुटांचा माळा. मुरार-थाटीपूरकडच्या नव्या घरांच्या गच्चीवरही हाच प्रकार दिसतो. माळ्यात ग्लासवूल किंवा चंदेरी बबल शीट घातली जाते, पैसे खर्च होतात, आणि वर्षभरात तक्रार परत येते.

तक्रारी ठरावीक असतात. आपली कोणती ते आधी ओळखा, कारण प्रत्येकीचं मूळ वेगळं आहे.

नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) दुपारी सीलिंगखाली हात धरला की वरून झळ लागते, एसी थांबतच नाही.

दुपार बरी जाते, पण रात्री दहा-अकराला खोली भट्टीसारखी.

जानेवारीत पहाटे सीलिंगवर ओले ठिपके, स्क्रूच्या रांगेत तपकिरी डाग, आणि पाऊस तर आठवडाभर नाही.

श्रावणात माळ्यातून कुबट वास, सीलिंग एखाद्या जागी पोट सोडल्यासारखं खाली आलेलं.

एकच पट्टा तापतो किंवा ओला होतो, बाकी छत ठीक. हा पट्टा बहुधा जुन्या घराच्या भिंतीलगतचा असतो.

यावर दुकानात मिळणारा सल्ला एकच: आणखी एक थर घाला. तो थर घेण्याआधी थांबा. माल कमी पडलाय असं क्वचितच निघतं. माल चुकीच्या जागी बसलाय, दाबला गेलाय, मधेच तुटलाय किंवा त्याला वळसा घालून हवा जातेय, असं बहुतेक वेळा निघतं. अशा छतावर दुसरा थर टाकला तर दोष फक्त झाकला जातो.

फुकटातली तपासणी: वेळ आणि हवामान टिपून ठेवा

पंधरा दिवस कॅलेंडरवर दोनच गोष्टी लिहा: डाग कधी ओला दिसला आणि त्याआधीच्या दोन दिवसांत पाऊस झाला का. मावठ (हिवाळी पाऊस) पडल्यावर डाग ओला होत असेल तर गळती आहे. आकाश निरभ्र असलेल्या कडक थंडीच्या पहाटे ओला होत असेल तर ते दव आहे, आणि वर कितीही डांबरपट्टी चिकटवली तरी थांबणार नाही.

यामागचं कारण साधं आहे. निरभ्र रात्री पत्रा उघड्या आकाशाकडे उष्णता टाकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. खोलीत १८ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा १० अंशांच्या पृष्ठभागाला लागताच पाणी सोडते. जानेवारीत आपल्याकडे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे खोलीतली हवा माळ्यात पोचली की पत्र्याच्या पोटाला थेंब धरणारच. सूर्य वर आला की ते सगळे एकदम सुटतात. म्हणून सकाळी आठ-नऊला ‘टपटप’ ऐकू येते आणि अकरापर्यंत सगळं कोरडं होतं.

डाग फक्त जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल आणि एसीच्या नळीच्या रेषेत असेल, तर छताला हात लावू नका. दोन दिवस एसी बंद ठेवा. डाग वाढायचा थांबला तर घाम नळीचा आहे. तांब्याच्या नळीवरची काळी नायट्राइलची (रबरी फोमची) नळी सांध्यावर उघडी राहिलेली असते, नाहीतर पाण्याच्या ड्रेन पाइपला आवरण घातलेलंच नसतं. नवी नायट्राइल नळी चढवा, सांधे चिकटवा, वर टेप गुंडाळा. तासाभराचं काम आहे.

थर्मामीटरची तपासणी

इन्फ्रारेड थर्मामीटर साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो, शेजारी मागून आणला तरी चालेल. कडक उन्हाच्या दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमाराला सीलिंगवर दोन-दोन फुटांवर मोजा आणि कागदावर चौकटी पाडून आकडे भरा. सोबत खोलीच्या मधोमध हवेचं तापमान घ्या.

सीलिंग हवेपेक्षा दोनेक अंशांनी जास्त असेल तर इन्सुलेशन आपलं काम करतंय. पाच अंशांहून जास्त फरक असेल तर करत नाहीये. फरक एका पट्ट्यातच असेल तर तिथे थर तुटलाय. सगळीकडे सारखाच जास्त असेल तर मांडणीच चुकली आहे. माळ्यात चंदेरी फॉइलवर मात्र हा थर्मामीटर खोटं बोलतो, कारण फॉइल स्वतः फारशी उष्णता सोडत नाही आणि समोरच्या वस्तूंचं तापमान परतवते. तिथे आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा.

हेच रात्री दहाला पुन्हा करा. या वेळी भिंतीही मोजा. पत्रा पातळ असतो, त्यात उष्णता साठत नाही, सूर्यास्तानंतर तासाभरात तो निवतो. नऊ इंची विटांची भिंत मात्र दुपारचं ऊन सात-आठ तासांनी आत सोडते. रात्री सीलिंग ३४ आणि पश्चिमेची भिंत ३९ दाखवत असेल तर माळ्यात आणखी काहीही घालून रात्र सुधारणार नाही. त्या भिंतीला बाहेरून सावली किंवा पांढरा रंग हवा. ही एक मोजणी केली नाही म्हणून माळ्यावर वाया गेलेले पैसे पाहिले की खरंच वाईट वाटतं.

उदबत्तीची तपासणी

थंडीत सकाळी, खोली उबदार आणि बाहेर गार असताना, पंखा बंद करून पेटती उदबत्ती सीलिंगच्या प्रत्येक भोकाजवळ धरा: खड्ड्यातले एलईडी दिवे, पंख्याचा हुक, माळ्याचं झाकण, पडद्याचा बॉक्स, भिंत-सीलिंगची फट. धूर वर ओढला गेला तर तिथून खोलीची हवा माळ्यात जातेय.

बोर्डातून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा फटींतून जाणाऱ्या हवेबरोबर कितीतरी जास्त वाफ वर चढते. म्हणून दवाच्या तक्रारीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय फटी बुजवणं हाच आहे. भिंतीलगत अॅक्रिलिक सीलंट भरा. अर्ध्या इंचाहून मोठी फट असेल तर आधी फोमची दोरी भरून मग सीलंट लावा. झाकणाच्या चौकटीला दारासारखी रबरपट्टी लावा आणि झाकणाच्या पाठीवर इन्सुलेशनचा तुकडा चिकटवा. दोन फुटी उघडं झाकण म्हणजे छताला खिडकीच.

खड्ड्यातल्या दिव्यांबद्दल स्पष्ट मत: पत्र्याच्या खोलीत ते नकोत. प्रत्येक दिवा म्हणजे एक भोक, आणि त्याचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा छोटा डबा) ग्लासवूलखाली दबला की तापून लवकर मरतो. काढा, भोकं बोर्डाच्या तुकड्यांनी बुजवा, सरफेस लाइट लावा. ठेवायचेच असतील तर प्रत्येकाभोवती जिप्सम बोर्डाची पेटी करा, चारी बाजूंनी निदान तीन इंच मोकळे सोडा आणि वूल पेटीवरून न्या.

इथेच एक इशारा. फटी बुजवल्यावर खोली आधीपेक्षा हवाबंद होते. त्या खोलीत सिगडी, गॅस हीटर किंवा गॅस गीझर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका वाढतो. या वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. फटी बुजवण्याआधी सिगडी-हीटर खोलीतून बाहेर काढा आणि गॅस गीझर उघड्या हवेत हलवा. दवाच्या दृष्टीनेही ते बरं, कारण एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. आत वाळत घातलेले कपडे हा दुसरा झरा. तिसरा म्हणजे बाथरूमचा एक्झॉस्ट, ज्याचं तोंड पाइप बाहेर न काढता माळ्यातच सोडलेलं असतं. हे पाहिलंत तर बाकी सगळं ठेवा आणि आधी तो पाइप भिंतीबाहेर काढा.

माळ्यात डोकावून

मे-जूनमध्ये सकाळी सातच्या आतच. दुपारी माळ्याची हवा पन्नास अंशांच्या वर जाते, आडवं पडून काम करणाऱ्याला ऊन लागायला दहा मिनिटं पुरतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क घाला. खोलीचा मेन स्विच बंद करा. फॉल्स सीलिंग माणसाचं वजन पेलत नाही. बोर्डावर नाही, त्याच्या पातळ चॅनेलवरही नाही. भिंतीवर किंवा लोखंडी अँगलवर टेकलेली फळी असेल तरच पुढे सरका, नाहीतर झाकणातून टॉर्च मारून फोटो घ्या. बरंचसं त्यातूनच कळतं.

पहिलं पाहायचं ते इन्सुलेशनची रेषा. उष्णता अडवणारी रेषा एकच हवी: सीलिंगवर किंवा पत्र्यालगत. सीलिंगवर असेल तर वरचा माळा बाहेरचा समजायचा आणि त्यात वारा खेळवायचा. पत्र्यालगत असेल तर माळा आतला समजायचा आणि वळचणी, टोकाच्या त्रिकोणी भिंती बंद करून त्यांनाही थर द्यायचा. घोटाळा होतो तो अर्धं हे, अर्धं ते करण्यात: पत्र्याखाली बबल शीट, सीलिंगवर विरळ ग्लासवूल, वळचण सिमेंटने बंद. अशा माळ्यात उन्हाळ्यात उष्णता कोंडते आणि थंडीत वाफ. वाढीव खोलीला पहिला प्रकार बरा, कारण थर आडवा पसरायला सोपा आणि पत्रा नंतर तपासता येतो.

मग थर. ग्लासवूल अडवतं ते त्यात अडकलेल्या हवेच्या जोरावर. ५० मिलिमीटरचा रोल दाबून २५ मध्ये बसवला की गुण जवळपास निम्मा होतो. वायर बांधून ताणलेलं, वर जुने खोके ठेवलेलं, बाजूच्या भिंतीपासून चार इंच आत थांबलेलं वूल शोधा. थर्मामीटरच्या कागदावरचा गरम पट्टा आणि हे भगदाड एकावर एक बसलं की निदान झालं. तो भाग उचला, कडा भिंतीला भिडवा, सांधे सैल पण उघडे न राहतील असे ठेवा.

ओलं वूल हातात घेऊन पाहा. नुसतं दमट असेल तर सावलीत वाळवून परत घालता येतं. गोळे झालेलं, बसलेलं, वास मारणारं फेकून द्या. २४ घनतेच्या (घनमीटरला २४ किलो) ५० मिलिमीटर वूलचं वजन चौरस मीटरला १.२ किलो असतं, सीलिंगला ते जाणवतही नाही. भिजलं की तेच कैकपट जड होतं, आणि श्रावणातलं पोट सुटलेलं सीलिंग यामुळेच दिसतं.

चंदेरी शीटबद्दल जितका गैरसमज आहे तितका कशाबद्दल नसेल. फॉइल काम करते ती तापलेल्या पत्र्याकडून येणारी किरणं आत न सोडून, आणि त्यासाठी तिच्या चकाकत्या बाजूला मोकळी हवा लागते, निदान एक इंच. पत्रा आणि थर्माकोल यांच्यात चेपून बसवलेली फॉइल फक्त धातूचा पातळ तुकडा असतो, अडवत काही नाही. ती पत्र्याच्या खाली, चकाकी खालच्या दिशेला, खाली माळ्याची हवा अशी लावा. चकाकी वर करून वूलवर अंथरली तर दोन आंध्यांत (धुळीच्या वादळांत) धुळीचा थर बसतो आणि गुण जातो. वर आणखी एक तोटा: थंडीत खालून आलेली वाफ फॉइलच्या पोटाला अडकते आणि वूल तिथेच भिजतं. अशी अंथरलेली फॉइल दिसली तर गुंडाळून काढा.

त्याच कारणाने वूलवर प्लॅस्टिकही नको. वूलखाली, सीलिंगच्या पाठीवर अखंड प्लॅस्टिक घालायचा सल्ला थंड मुलखातला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात एसी चालतो तेव्हा वाफ उलट, वरून खाली जायला बघते. फटी बुजवून सीलिंगला चांगला रंग दिला की पुरतं.

विजेच्या वायरी थर्माकोलला टेकलेल्या असतील तर वेगळ्या करा. थर्माकोल पीव्हीसीतला मऊपणा शोषून घेतो, काही वर्षांत वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. उघडा थर्माकोल लगेच पेटही घेतो, त्यामुळे जिथे कधीतरी वेल्डिंग होणार तिथे तो नकोच.

वारा

सीलिंगवर थर असलेल्या माळ्याला खाली वळचणीत आणि वर आढ्याजवळ मोकळी वाट लागते. अंदाजाचा नियम: सीलिंगच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग, निम्मा खाली, निम्मा वर. १२ बाय १६ फुटांच्या खोलीला १९२ भागिले १५०, म्हणजे सुमारे १.३ चौरस फूट, १८४ चौरस इंच. वळचणीत ४ बाय ६ इंचांची चार भोकं आणि वर तेवढीच. जाळीने वाट आखडते, म्हणून ६ बाय ६ची पाडा. बाहेर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, आत मच्छरजाळी. नुसती मच्छरजाळी खारी आणि माकडं फार दिवस टिकू देत नाहीत. मे-जूनच्या आंध्यांनंतर ती ब्रशने झाडा, नाहीतर जुलैत भोकं नावालाच उरतात. वूल वळचणीत कोंबू नका, पत्र्याखाली दोन इंचांची वाट मोकळी ठेवा.

एकपाखी छप्पर जुन्या घराच्या भिंतीला टेकलेलं असेल तर वरची वाट त्या भिंतीत निघत नाही. ती बाजूच्या दोन्ही भिंतींत, वरच्या टोकाशी काढा.

छतावरचा फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर खाली वाट नसताना लावला तर तो सीलिंगच्या फटींतून एसीची गार हवाच ओढतो आणि वीजबिल वाढतं. आधी फटी, मग वळचण, आणि मग लागलाच तर टर्बो.

गळती: खालून वर

टिपणातून गळती निघाली असेल तर एकजण माळ्याच्या झाकणाशी टॉर्च घेऊन आणि एकजण बाहेर पाइप घेऊन. पाणी सगळ्यात खालच्या पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं सोडा, मग वर सरका. उलट केलं तर वरून आलेलं पाणी सगळीकडून ठिबकतं आणि काहीच कळत नाही. पाहायच्या जागा तीन: स्क्रूखालचं काळं रबरी वॉशर (उन्हाने तडकतं), पत्र्याचे आडवे-उभे जोड, आणि जुन्या भिंतीला टेकलेली कड. बहुतेक गळत्या तिसऱ्या जागी सापडतात. तिथे नुसती सिमेंटची गोळी मारलेली असते. पत्रा उन्हाने लांबतो-आखडतो आणि सिमेंट एका उन्हाळ्यात सुटतं. भिंतीत खाच पाडून तिच्यात वरची कड घातलेली, खाली पत्र्यावर सहा इंच तरी चढलेली पत्र्याची फ्लॅशिंग हवी, खाचेत पॉलियुरेथेन सीलंट. वॉशर तडकला असेल तर स्क्रूसकट बदला, आणि भोक ढिलं झालं असेल तर एक नंबर जाड स्क्रू घ्या.

पर्लिनची रेषा

दोन-चार फुटांवर समांतर पट्टे पडत असतील, उन्हाळ्यात गरम आणि थंडीत ओले, तर लोखंडी पर्लिन आणि तिला टांगलेल्या सीलिंगच्या पट्ट्या उष्णता थेट खाली आणतायत. वूलचा दुसरा थर पहिल्याला आडवा, चॅनेल झाकून घातला तर बराच फरक पडतो. इथे मात्र जास्तीचा थर खरंच उपयोगाचा आहे. १९२ चौरस फूट म्हणजे १७.८ चौरस मीटर, दहा टक्के तुकड्यांत जातं असं धरून एका थराला साधारण २० चौरस मीटर. रोलवर लिहिलेली लांबी-रुंदी गुणून किती रोल ते काढा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. पूर्ण इलाज म्हणजे पत्रा उघडून पर्लिनवर फोमची पट्टी घालणं, पण पत्रे बदलायची वेळ येईल तेव्हाच ते करा.

इथे हात थांबवा

सिमेंटचे जुने राखाडी पत्रे असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असतो. भोक पाडू नका, घासू नका, झाडू नका. ते काम जाणकाराकडे द्या.

वायरीवर काळेपणा, जळका वास किंवा वितळलेलं आवरण दिसलं तर मेन स्विच बंदच ठेवा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सीलिंग एक इंचाहून जास्त खाली आलं असेल, किंवा पीओपीचं सीलिंग तारा-काथ्यावर टांगलेलं असेल, तर खाली कुणाला झोपू देऊ नका आणि वर काहीही ठेवू नका. आधी टेकू, मग सीलिंगवाला.

पर्लिनला स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर गंजाचे पापुद्रे निघाले किंवा वेल्ड सुटलेला दिसला तर फॅब्रिकेटर हवा. वेल्डिंगआधी त्या भागातलं सगळं इन्सुलेशन बाहेर काढायला लावा.

पत्र्यावर चढणं स्वतः टाळा. त्यातला प्लॅस्टिकचा उजेडाचा पत्रा वरून धुळीत ओळखू येत नाही आणि पाय सरळ आत जातो. चढणाऱ्याला दोर बांधायला सांगा आणि स्क्रूच्या रांगेवरच पाय ठेवायला सांगा, खाली पर्लिन तिथेच असते.

कारागीर लावाल तेव्हा थर्मामीटरचा कागद आणि कॅलेंडर त्याच्या हातात द्या, आणि बोर्ड बंद करण्याआधी चार फोटो मागा: वळचणीतली मोकळी वाट, भिंतीलगतची कड, झाकणाची रबरपट्टी आणि दिव्यांच्या जागा. शेवटचे पैसे फोटो पाहून द्या.